तांब्याची नळी

ब्रेक ऑइलला वास नसतो असं जो म्हणतो, त्यानं ते कधी बोटावर घेऊन नाकाशी नेलेलं नाही. वास असतो. एरंडेलाचा उग्रपणा काढून टाकला आणि त्यात किंचित गोडसरपणा मिसळला तर जसा होईल तसा, फिकट, पण एकदा हाताला लागला की साबणाला दाद न देणारा. गेल्या आठवड्यात एका सकाळी शेडमध्ये आमच्या जुन्या गाडीच्या मागच्या चाकाशी जमिनीवर ओला डाग दिसला. मी वाकून बोट टेकवलं. पाणी नव्हतं, इंजिनचं काळं ऑइलही नव्हतं. बोट नाकाशी नेलं आणि घटकाभर मी परकर-पोलक्यात गेले. मग भानावर आले, कारण दुसऱ्या दिवशी याच गाडीतून आईला घेऊन अणशीचा घाट उतरायचं ठरलं होतं.

मावशी घाटाखाली राहते, कद्र्याच्या पुढे, नदीकाठच्या गावात. आईची थोरली बहीण. त्याच दिवशी पहाटे तिच्या सुनेचा फोन आला होता की मावशी पेजेचं पाणीही घेत नाही, डोळे उघडते ते फक्त आईचं नाव घ्यायला. आईनं फोन ठेवला, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "उद्याच जायाचं. परवा न्हाई." बसची पायरी चढायची ताकद आईच्या गुडघ्यांत उरलेली नाही. म्हणून गाडी. बहीण जिवंत असताना एकदा तिचा हात हातात घ्यायचा, एवढंच आईला हवं होतं.

मी बेळगावला असते, चार-सहा महिन्यांनी बसनं इथं येते, आणि दर वेळी आल्यावर शेडमध्ये डोकावते. गोल पाठीची, पांढरी, आता दुधावरच्या सायीसारखी पिवळट पडलेली गाडी. मी शाळेत असताना आप्पांनी ती घेतली. आप्पा म्हणजे माझे वडील. जोयड्याहून कारवारला ते याच गाडीतून माणसं नेत, आणत. या भागात त्यांना नावानं कुणी ओळखत नाही, 'ड्रायव्हर' एवढंच म्हणतात, जणू बाकीचे सगळे बैलगाड्या हाकतात.

पण अलीकडे आप्पांचं काहीतरी बिनसलंय. सकाळी खाल्लेली भाकरी दुपारी आठवत नाही. जाऊन वर्षं झालेल्या माणसांची तब्येत विचारतात. जुनं मात्र सगळं लख्ख. कुठल्या साली कुठल्या वळणावर दरड आली, कुणाच्या वरातीत किती माणसं दाटीनं बसली, सगळं. जोयड्याच्या बाजाराला अजून ते स्वतःच गाडी नेतात आणि त्यांना नको म्हणायची आमच्यापैकी कुणाची छाती नाही.

मी डाग दाखवला तेव्हा ते खाली वाकले, माझ्यासारखंच बोट लावलं, वास घेतला.

"लाइन गेली," म्हणाले.

"आप्पा, आपण जोयड्यास्नं भाड्याची गाडी मागवू या. उद्या सकाळी ये म्हणलं तर येतोय तो जीपवाला."

"घरात गाडी उभी हाय आणि भाड्याची आणायची? मेलो न्हाई मी अजून."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. तिनं हळूच मान हलवली. करू दे, असा त्याचा अर्थ. मी मनातल्या मनात चरफडले. मला राग लवकर येतो आणि लवकर जात नाही, हे माझ्या सासरीही सगळ्यांना ठाऊक आहे.

हात विसरत नाहीत, असं लोक म्हणतात. त्या सकाळी आप्पांना बघून मलाही ते पटलं. त्यांनी जॅक लावला, गाडी उचलली, फणसाचे जुने ठोकळे आसाखाली सरकवले, मग गाडीला खांद्यानं एक धक्का देऊन हलते का बघितलं. पुढच्या चाकांना दगड लावले. गोणपाट पसरलं आणि सत्तरी ओलांडलेला तो माणूस पाठीवर सरकत गाडीखाली गेला. गाडीच्या पोटाखालून एक बारीक लोखंडी नळी पुढच्या ब्रेकच्या डबीपासून मागच्या चाकांपर्यंत जाते. पेडल दाबलं की तिच्यातलं ऑइल मागं धावतं आणि चाकं धरली जातात. ती नळी ज्या पट्टीत अडकवलेली होती तिथंच लाल चिखल साठून साठून ती कुजली होती. नटांवर रॉकेल टाकून आप्पा थांबले. गंजलेल्या नटाला घाई केली तर त्याचा कोपरा झिजतो आणि मग तो कुणाच्या बापाला सुटत नाही. रॉकेल, गंज, ओल्या मातीचा वास, शेडच्या छपरावरून चालणारी कोंबडी. मी गोणपाटाच्या कडेला बसून पान्हे देत राहिले.

असे किती दिवस मी इथं बसलेय. मे महिन्यात शेडमागच्या फणसाचा वास इतका दाटायचा की आप्पा गाडीखालून ओरडायचे, "कुणीतरी तो फणस कापा, न्हाईतर मला कापा." पावसाळ्यात दरड आली की घाट बंद. मग गाडी शेडमध्ये आणि आप्पा गाडीखाली. बाहेर दिवस-दिवस पाऊस, आत कंदील, आणि आईनं भाजलेल्या फणसाच्या आठळ्या खिशात घालून मी राखण करत बसलेली. थंडीत कारवारच्या खेपा वाढायच्या. परतताना मागं पत्र्याच्या टपात बांगडे असत, आणि गाडी पार सुकेपर्यंत आमच्या शाळेच्या कपड्यांनाही बांगड्यांचा वास येई. वर्गात माझ्या शेजारी कुणी बसायला तयार नसे. मला तेव्हा त्याचं वाईट वाटायचं. आता तो वास कुठे मिळतो का म्हणून मी बेळगावच्या मासळी बाजारात उगाच रेंगाळते, पण तिथल्या बांगड्यांना गाडीच्या सीटचा वास नसतो.

आणि गाडीखालची भाषा. आमच्या घरात मराठी, आईच्या तोंडी कोकणीची फोडणी, पण गाडीखाली शिरले की आप्पा कन्नड बोलत. दांडेलीच्या गॅरेजात ज्या उस्तादाकडे ते काम शिकले तो कन्नड, म्हणून. ब्रेकमध्ये शिरलेली हवा काढायला दोन माणसं लागतात. एक चाकापाशी, एक पेडलवर. चाकापाशी आप्पा, पेडलवर मी. "ओत्तू," म्हणजे दाब. "हिडी," म्हणजे धरून ठेव. "बिडू," म्हणजे सोड. सीटवर पुढे सरकून बसल्याशिवाय माझा पाय पेडलला पोचत नसे. काचेपलीकडे काही दिसायचं नाही, नुसता आवाज यायचा खालून. ओत्तू. हिडी. मांडी थरथरायला लागायची, पण 'बिडू' ऐकल्याशिवाय सोडायचं नाही. मध्येच सोडलं तर हवा परत आत, आणि आप्पांचा जो आवाज चढायचा तो शेजारच्या वाडीपर्यंत. बाकीचं कन्नड मी शाळेत शिकले. हे तीन शब्द पायानं शिकले.

नळी नवी हवी होती. मी दांडेलीच्या स्पेअर पार्टवाल्याला फोन केला. त्यानं माप विचारलं, आप्पांनी गाडीखालून अचूक सांगितलं, आणि दुपारच्या बसनं पाठवतो म्हणाला. आमच्याकडे इंजेक्शनापासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळं बस ड्रायव्हरच्या हाती येतं. आपण फक्त फाट्यावर उभं राहायचं.

मी फाट्यावर उभी राहिले. बस यायची वेळ झाली, टळली. वडाखाली एक बाई कणगांची टोपली घेऊन बसली होती. थंडीत जमिनीतून काढलेले ते लांबट कंद, अजून माती लागलेले.

"कुणाची गं तू?" तिनं विचारलं.

"ड्रायव्हरची लेक."

"आगं बाई. तुझ्या बाच्या गाडीतनंच मी पैल्या बाळंतपणाला कारवारला गेलते. कळा चालू हुत्या. सगळा घाट उतरला, पर एक धक्का बसू दिला न्हाई बघ." मग टोपली सावरत म्हणाली, "अजून चालवतोय व्हय गाडी?"

"चालवतात."

"बरं हाय," ती म्हणाली, पण ते बरं आहे असं तिच्या तोंडावर दिसलं नाही. आप्पांच्या विसरण्याची गोष्ट वाडीवाडीत गेली होती तर. मला शरम वाटली आणि शरम वाटल्याची चीड आली. रस्त्याच्या टोकाकडे बघून डोळे दुखायला लागले तेव्हा बस आली. ड्रायव्हरनं खिडकीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली नळी दिली आणि म्हणाला, "ड्रायव्हर साहेबास्नी नमस्कार सांगा."

घरी आले तर शेडमधून हाक आली, "आलीस? बस आत. पेडल धर."

मी मनात म्हटलं, नळी तर माझ्या हातात आहे. वाकून गाडीखाली बघितलं. आप्पा पाठीवर पडलेले, त्यांच्या छातीच्या वर, गाडीच्या काळ्या पोटाखाली, एक नळी चकचकत होती. लाल, घासलेली, सुरेख वाकवलेली. बागेतल्या बंद पडलेल्या डिझेल पंपाची तांब्याची नळी.

इथल्या माणसांचं लोखंडाशी वैर आहे. चार महिने पाऊस, बाकीचे महिने दव. खिळे गंजतात, बिजागऱ्या गंजतात, विळी रात्री पुसून ठेवली तरी सकाळी तांबूस. त्यामुळे तांबं दिसलं की आमच्या माणसांचा जीव निवतो. तांबं गंजत नाही. हातानं वाकतं, टोकं झकास फुगवता येतात, थेंबही गळत नाही. दर दोन-चार वर्षांनी इथला कुणीतरी ड्रायव्हर पंपाची तांब्याची नळी ब्रेकला घालतोच आणि वर शहाणपणा केल्यासारखा मिरवतो. सपाट रस्त्यावर ती चालतेही. पण घाटात हादरून हादरून ती आतून कडक होत जाते आणि एके दिवशी काडीसारखी मोडते. लोखंडी नळी आधी रडते, डाग पाडते, सांगते. तांब्याची नळी काही सांगत नाही.

हे मला कुणी शिकवलं? आप्पांनीच. नागू नावाचा एक ड्रायव्हर होता, अणशीकडचा. माणसांनी भरलेली जीप घेऊन घाटाकडे निघालेला, आणि वाटेत आमच्या अंगणात मुद्दाम थांबला, आपली तांब्याची नळी दाखवायला. आप्पांनी त्याच्या हातातला उरलेला तुकडा घेतला आणि एकाच जागी वाकवायला लागले. इकडे, तिकडे. इकडे, तिकडे. तुकडा मोडला. नागूचं तोंड उतरलं. त्या दिवशी त्याची जीप आमच्या अंगणातून हलली नाही. प्रवासी संध्याकाळपर्यंत ओट्यावर बसले, शिव्या घालत, आणि आईनं सगळ्यांना भात वाढला. दांडेलीहून लोखंडी नळी आली, आप्पांनी स्वतः बसवली, मग सोडलं.

"आप्पा, ही तांब्याची हाय," मी म्हटलं.

"व्हय. पंपाची. चांगली हाय, गंजायची न्हाई."

"तांब्याची घालायची न्हाई म्हणून तुम्हीच सांगत हुता न्हवं?"

आप्पा गाडीखालून बाहेर सरकले आणि माझ्याकडे बघितलं. "मी? कवा?"

आप्पांचा राग मी आयुष्यभर बघितलाय. त्याची मला भीती वाटत नाही, माझाही तसाच आहे. पण त्यांच्या डोळ्यांत त्या क्षणी राग नव्हता, आठवणही नव्हती, काहीच नव्हतं. बाजाराची यादी, जेवण, मेलेली माणसं, ही विसरतात ठीक आहे. पण गाडीखालचं जग त्यांच्यात शाबूत आहे असं मी धरून चालले होते. सगळे तसंच धरून चालले होते.

"मी नवी आणलीय. लोखंडाची."

"कशापायी? ही बसली की." आणि आता राग आला. "आयुष्य गेलं माझं गाडीखाली. आता तू शिकवणार व्हय मला? बस आत. पेडल धर."

मी बसले. खोटं कशाला बोलू, सवयीनं बसले. खालून आवाज आला, ओत्तू, आणि माझ्या पायानं दाबलं. हिडी. धरलं. बिडू. सोडलं. थोड्या वेळानं पेडल पायाखाली घट्ट झालं, अगदी जसं व्हायला हवं तसं. तांब्याची नळी पहिल्या दिवशी उत्तमच चालते. मला ते पेडल मऊ लागायला हवं होतं. खाली थेंब पडायला हवा होता. काहीतरी चुकलं असतं तर मला भांडता आलं असतं. मी स्टिअरिंग धरून बसले आणि उद्याचा घाट डोळ्यांसमोर आला, मागच्या सीटवर आई, आणि मला रडू फुटायचं तेवढं बाकी राहिलं.

आई बाहेर आली. हातात मावशीसाठी बांधलेली कणगांची पिशवी होती.

"झाली व्हय?"

"झाली," आप्पा हात पुसत म्हणाले.

"आई, पंपाची तांब्याची नळी घातलीय," मी म्हटलं. माझा आवाज मलाच चिरका वाटला.

गाडीचा आधार घेत, गुडघ्यांना शिव्या देत आई फणसाच्या मोकळ्या ठोकळ्यावर बसली. जमिनीवर पंपाच्या नळीचा उरलेला तुकडा पडला होता. तो तिनं उचलला, पदरानं पुसला, उजेडात धरून बघितला.

"अवो," ती आप्पांना म्हणाली, "त्या नागूला अंगणात तुम्ही काय दावलं हुतं हो? मी तवा आत चुलीपाशी हुते, माझं बघायचं ऱ्हायलं. मला दावा की."

हे खोटं होतं. आई तेव्हा ओट्यावर माझ्या शेजारी उभी होती.

"नागूला व्हय?" आप्पांच्या चेहऱ्यावर एकदम उजेड आला. नागू आठवला. जुनं सगळं लख्ख. "लई शाना समजत हुता सोताला. आण हिकडं." त्यांनी तुकडा घेतला, दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरला, आणि त्या दिवसासारखाच वाकवायला लागले. "बघ. पैल्यांदा मऊ वाटतंय. मग हळूहळू कडक हुतंय, हाताला कळतंय. गाडी हादरती तसं ह्ये आतल्या आत—"

तुकडा मोडला.

आप्पांनी दोन्ही हातांतले तुकडे बघितले. मग गाडीकडे बघितलं. मग माझ्या मांडीवरच्या वर्तमानपत्राच्या गुंडाळीकडे. छपरावरची कोंबडी उतरून अंगणात गेली. माझ्या बापाला इतकं म्हातारं मी त्याआधी बघितलं नव्हतं आणि मला आईचा त्या क्षणी फार राग आला. मग कळलं की दुसरा कुठलाच मार्ग नव्हता, आणि असला तरी तो मला सुचला नव्हता.

"दे तुझी नळी," आप्पा म्हणाले. तुकडे त्यांनी शर्टाच्या खिशात टाकले.

नवी नळी त्यांनी बाटलीच्या पोटावर धरून वाकवली, म्हणजे कुठे दबत नाही. मी टॉर्च धरला. नट आधी हातानं, मग पान्ह्यानं. प्रत्येक नटानंतर ते थांबत आणि मला विचारत, "ह्यो आवळला न्हवं मी?" आणि मी पान्हा लावून बघून सांगे, "व्हय, आवळलाय." त्यांनी असं कधी कुणाला विचारलं नव्हतं. डबीत ताजं ऑइल ओतलं. चाकापाशी पारदर्शक नळीचं टोक काचेच्या बाटलीत सोडलं. मी आत बसले. ओत्तू. हिडी. बिडू. बाटलीत बुडबुडे येत होते ते मला दिसत नव्हते, पण आप्पा सांगत होते, पूर्वी सांगायचे तसंच, क्रिकेटचा स्कोअर सांगावा तसं. "आलं. आलं. मोठा आला. आता बारीक. आता न्हाई." पेडल वर आलं आणि घट्ट झालं. मी कितीतरी वेळ पाय दाबून धरला. त्यांनी बिडू म्हटल्यावरही.

तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मी प्रत्येक चाकाखाली आणि नळीच्या वाटेवर वर्तमानपत्राची पानं पसरून ठेवली. सकाळी उठल्याबरोबर चहाच्याही आधी शेडमध्ये गेले. पानं कोरडी होती. अंगणाच्या उतारावर गाडी सोडून बघितली, थांबली. पुन्हा बघितली, थांबली.

मावशी भेटली, हे मी आत्ताच सांगून टाकते, उगाच जीव टांगणीला नको. आईनं तिचा हात हातात घेतला, कुठूनसं बळ आणून मावशीनं डोळा उघडला, दोघी कोकणीत काहीतरी बोलल्या जे मला नीटसं कळलं नाही, आणि मावशी दोन चमचे पेज प्यायली. ती पुढे किती दिवस राहील माहीत नाही. आईला जे हवं होतं ते मिळालं. पण माझ्या मनातून जात नाही तो घाट.

घरापासून घाटमाथ्यापर्यंत आप्पांनीच गाडी चालवली. धुकं होतं. जंगलखात्याच्या नाक्यावरच्या पोरानं दांडा उचलला. झाडांतून धनेश उडून गेले, त्यांच्या पंखांचा तो धापा टाकल्यासारखा आवाज. घाटमाथ्यावर जांभळाखाली एक शेंदूर लावलेला दगड आहे. उतरायच्या आधी इथले ड्रायव्हर त्याच्यावर एक हिरवी डहाळी ठेवतात, मग गाडीत बसून इंजिन बंद असताना पेडल दाबून बघतात, आणि तोवर सगळे प्रवासी खाली उभे राहतात, चपला काढून. लहानपणी भर थंडीत त्या डांबरावर अनवाणी उभं राहून माझे पाय बधिर व्हायचे. आई गुडघ्यांमुळे उतरली नाही, पण तिनं मागच्या सीटवर चपला काढल्या. आप्पांनी डहाळी ठेवली. आत बसून पेडल दाबलं. पाय तसाच ठेवून ते बसून राहिले. बराच वेळ. मग उतरले आणि माझ्या बाजूला आले.

"घाट तू उतर."

"मी? ही गाडी घेऊन कवा उतरलेय मी?"

आप्पांनी शर्टाच्या खिशातून नळीचे दोन तुकडे काढले आणि तळहातावर ठेवून मला दाखवले. "ह्ये सकाळी खिशात गावले. काय झालंय त्ये तुझ्या आईला इच्यारलं, तवा कळलं. काल दुपारचं आठवंना मला, बाये. मधीच वळण आठवलं न्हाई तर?"

मी उजवीकडे जाऊन बसले. सीट पुढे ओढली.

गाडी जड आहे. स्टिअरिंगला जोर लागतो, बेळगावच्या माझ्या गाडीसारखं एका बोटानं फिरत नाही. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन गुरगुरत होतं, डावीकडे दरीत धुकं भरलेलं. पहिल्या वळणाच्या अलीकडे, माझा पाय हलायच्या आधी, शेजारून धप्प आवाज आला. आप्पांनी उजवा पाय पायाखालच्या रबरी चटईवर दाबला होता. तिथं पेडल नाही, काही नाही. मी ब्रेक दाबला, गाडी वळली. दुसऱ्या वळणालाही तेच. मी वैतागले.

"आप्पा, मी हाय न्हवं."

"व्हय व्हय. तू हाईस," ते म्हणाले, आणि पुढच्या वळणाला पुन्हा धप्प.

मागून आई म्हणाली, "असू दे गं."

मग हळूहळू माझ्या ध्यानात आलं की त्यांचा पाय बरोबर जिथं पडायला हवा तिथंच पडतोय. मी जिथं ब्रेक दाबायला उशीर केला असता तिथं आधी. जिथं घाबरून उगाच दाबला असता तिथं नाही. काल दुपारचं ज्याला आठवत नव्हतं त्या माणसाला घाट पाठ होता, एकेक वळण. मी वाद सोडला. त्या आवाजावर कान ठेवला. धप्प, आणि मी दाबायची. ब्रेकचे लायनर तापल्याचा जळका वास यायला लागला, लहानपणी यायचा तोच, आणि माझे खांदे सैल झाले. किती वळणं अशी उतरली कुणास ठाऊक. बाप-लेक एकच गाडी चार पायांनी थांबवत होतो.

निम्म्याच्या खाली एक वळण आहे, रस्ता मागं दुमडतो आणि पुढे नुसतं आभाळ दिसतं. मी आवाजाची वाट बघितली. आला नाही. वळण जवळ आलं. अजून आला नाही. मी एक नजर डावीकडे टाकली.

आप्पा झोपले होते. हनुवटी छातीवर, दोन्ही पाय चटईवर सैल पडलेले, हात मांडीवर उघडे. या माणसाचा घाटात कधी डोळा लागलेला मी बघितला नव्हता, तापातसुद्धा नाही. माझ्यावर भरवसा ठेवून झोपले, की दमून झोपले, की आपण घाटात आहोत हेच विसरून झोपले, मला कळलं नाही. अजून कळत नाही.

"उठवू नगोस," आई मागून म्हणाली.

मला उठवायचं होतं. कालपासून त्यांचे हात या गाडीपासून लांब राहावेत म्हणून मी देव पाण्यात घालून बसले होते, आणि आता त्यांनी एकदाच, फक्त या वळणाला, पाय दाबावा एवढंच मला हवं होतं.

मी ब्रेक दाबला. गाडी सावकाश वळली, आणि खाली नदी दिसायला लागली.